मिसलीत नसलेला नवरा

माझी बायको कोर्टात खोटं बोलली, असं तिचा सख्खा भाऊ लोकांना सांगत फिरत होता. ती मेल्यावरही त्याने ते थांबवलं नाही.

त्याचं नाव गहिनीनाथ, गाव धर्मापुरी. आमचं गाव धारूरच्या घाटाखाली. गहिनीनाथचा शेजारच्या धुळाजीशी बांधावरच्या एका आंब्यावरून तंटा होता. झाड माझं, असं दोघेही म्हणायचे. शेवटी गहिनीनाथने मोमिनाबादच्या मुन्सफ कोर्टात दावा लावला आणि बहिणीला साक्षीला बोलावलं. ते झाड त्यांच्या बापाने, आप्पाजीने, लावलेलं होतं आणि लहानपणी त्याला पाणी घालायचं काम हिच्याकडे होतं. मी तिला गाडीतून घेऊन गेलो. चपराशाने तिला आत घेतलं आणि मला बाहेर लिंबाखाली बसवलं. परत येताना गाडीत तिने सांगितलं, "खरं हाय ते बोलले. झाड आप्पांनी लावलं, पानी मी घातलं. बांध कुनाचा इचारलं, तर म्हनलं ते सरकारला माहीत, मला झाड माहीत."

दावा गहिनीनाथ हरला. त्याच्या वकिलाने त्याला सांगितलं, तुमच्याच बहिणीने घात केला, ती ऐनवेळी धुळाजीच्या बाजूने बोलली. निजामाचं राज्य, कोर्टाचं सगळं उर्दूत. आपण मराठीत बोलायचं, मुन्शी ते उर्दूत लिहिणार, खाली आपण अंगठा लावायचा. गहिनीनाथला उर्दू येत नाही. वकील म्हणाला ते त्याने घेतलं.

त्या वर्षी दिवाळीला त्याने तिला माहेरी नेलं नाही. पौषात तिला ताप भरला तो उतरेना. मी धर्मापुरीला निरोप धाडला. निरोप्या उत्तर घेऊन आला: "धुळाजीला बोलवा म्हनावं, त्यो बघंल तिला." ते उत्तर मी तिला सांगितलं नाही. भावाला सवड नाही, एवढंच सांगितलं. दुसरा निरोप ती गेल्यावर धाडला. सवाष्ण बाई गेली की तिला माहेरची साडी नेसवून न्यायची, ही आमची रीत. दुपार कलेपर्यंत वाट बघितली. साडीही आली नाही आणि माणूसही आलं नाही. शेवटी शेजारच्या सुंदरबाईने आपल्या पेटीतली साडी काढून दिली. भाऊ जिवंत असून माझी बायको परक्या बाईच्या साडीत जळली.

वैशाखात एका सोयऱ्याच्या लग्नात पंगतीला बसलो होतो. समोरच्या ओळीत गहिनीनाथ होता. मी ऐकावं अशा आवाजात तो बोलला, "आमच्या बहिनीनं धुळाजीचं खाल्लं आन शपत इकली." मी पानावरून उठलो. तिने कोर्टात काय सांगितलं तो कागद काढायचा आणि तिच्या वर्षश्राद्धाच्या आत या माणसासमोर, त्याच्याच गावात वाचून घ्यायचा, हे मी तिथेच ठरवलं. दुसरं काही काम मला उरलंही नव्हतं.

मोमिनाबादच्या कोर्टात कागद सांभाळणाऱ्या पेशकाराने मान वर केली नाही.

"निकाल लागला ना? मग मिसल हितं कशाला ऱ्हाईल? बीडला गेली."

दाव्याचे सगळे कागद एकत्र शिवतात, त्याला मिसल म्हणतात. निकाल लागून अपिलाची मुदत सरली की मिसली गठ्ठ्यांत बांधून जिल्ह्याच्या दप्तरखान्यात जातात. बीडला जाऊन कुणाला भेटायचं, असं मी विचारलं, तर तो म्हणाला, "बीड काय माज्या बापाचं हाय?"

बीडचा दप्तरखाना कचेरीच्या मागच्या अंगाला होता. दाराला गज, आत भिंतभर तांबड्या फडक्यांतले गठ्ठे. दप्तर सांभाळणाऱ्याला मुहाफिज म्हणत. तो गजाआड बसून पान चघळत होता, दोन कारकून लिहीत होते.

"कुनाचा इजहार पायजे?" त्याने विचारलं. इजहार म्हणजे साक्ष.

"घरातलीचा."

तिचं नाव मी चार माणसांत कधी घेतलं नव्हतं. आमच्यात घेत नाहीत. मुहाफिजाला कळलं होतं, पण त्याला मजा करायची होती.

"घरातली कोन? घरात म्हैस बी असती."

कारकून हसले.

"अंजना," मी म्हणालो.

त्याने सावकाश गठ्ठा सोडला, पानं उलटली. "अंजना, आप्पाजीची पोरगी. तू आप्पाजी हायस का?"

"मी तिचा नवरा."

"हितं नवरा न्हाई. लगीन झालेल्या बाईच्या फुडं नवऱ्याचं नाव लिवत्यात. हिच्या फुडं बापाचं हाय. म्हंजी नवरा हाय असं ही बोललीच न्हाई." त्याने कारकुनांकडे बघितलं. "सोडून दिलतं का बे तिनं तुला?"

मी गजांना हात घातला. चपराशाने मला मागून धरलं.

"आन नवरा असलास तरी काय?" मुहाफिज गठ्ठा बांधत म्हणाला. "नक्कल मिळती दावा लावनाऱ्याला, न्हाईतर ज्याच्यावर लावला त्याला. साक्षीदार कुनीच नसतो. साक्षीदाराचा नवरा तर त्याहून कुनी न्हाई. चल, रस्ता धर."

बाहेर लिंबाखाली अर्ज लिहिणारे बसायचे. त्यांतला जमील मूळचा धारूरचा. त्याचा बाप आमच्या बांधावरची सीताफळं विकत घ्यायचा. त्याने मला ओळखलं.

"बद्रीनाथभाऊ, मुहाफिज हलकट हाय, पन कायदा बोलला," तो म्हणाला. "गहिनीनाथ न्हाईतर धुळाजी. दोघातल्या एकाचा अर्ज पायजे. धुळाजीला सांगा की. गहिनीनाथची जिरनार म्हनलं की नाचत येईल त्यो."

"धुळाजीच्या हातनं काढला तर गहिनीनाथ काय म्हनंल?"

जमीलने थोडा विचार केला. "म्हनंल, बघा, दोगं एकच हायत."

"मग?"

"मग गहिनीनाथ. आनखी तिसरा रस्ता न्हाई."

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात मुहाफिजाचं एकच बोलणं फिरत होतं. हिने नवरा सांगितला नाही. भांडण झालेलं नव्हतं, कोर्टात जाताना ती माझ्याच गाडीतून गेली होती. मग का सांगितला नाही? विचारायला ती नव्हती.

मी बीडला गेल्याचं धुळाजीच्या कानावर गेलं. तो आपणहून माझ्या दारात आला. "जावई, मी काढतो की नक्कल. तुमी निस्तं बघत बसा, कसा नागवा करतो त्याला." त्याच्या गावची लेक माझ्या घरात होती म्हणून तो मला जावई म्हणत होता. ती आजारी असताना हाही आला नव्हता.

"तुझ्या पायी तिला शिव्या बसल्या," मी म्हणालो. "उंबऱ्याच्या आत पाय टाकू नगं."

"भल्याचा जमाना न्हाई," म्हणत तो गेला.

बाजाराच्या दिवशी मी धर्मापुरीला गेलो. जुन्या देवळासमोर बाजार भरतो. गहिनीनाथ एका बैलाचे दात बघत उभा होता. त्याची बायको मंजुळाबाई बाजूला मिरच्या निवडत होती. मी मुद्दाम मोठ्याने बोललो.

"गहिनीनाथ, तुझी बहीन खोटं बोलली म्हनतोस?"

"म्हनतो. पुन्यांदा म्हनू?" पूर्वी तो मला दाजी म्हणायचा, तुमी म्हणायचा. "तू काय कोतवाल हायस का मला इचारनारा?"

"तिची साक्ष तू वाचलीस?"

"वकिलानं सांगितलं."

"उद्या वकिलानं सांगितलं, तुझ्या धडावर डोस्कं न्हाई, तर चाचपून तरी बघशील का न्हाई?"

आजूबाजूचे हसले. मंजुळाबाई मिरच्या टाकून उठली.

"दाजी, बायकू खाल्ली, आता आमाला खायला आलाव का?"

मी तिच्याकडे बघितलं नाही. "मला कागद देत न्हाईत. दावा तुझा हाय, तुला देत्यात. चल, काढ, आन हितंच वाचून घे. ती खोटी निघाली तर मी ह्या देवळाच्या पायरीवर नाक घाशीन. खरी निघाली तर तू घासायचं."

गहिनीनाथने बैलाचं तोंड सोडलं आणि हात धोतराला पुसले.

"चल," तो म्हणाला. "आत्ता चल. गाडी जुंपतो."

त्याला वकिलाचं बोलणं खरंच वाटत होतं. नाहीतर तो आला नसता. हे त्याच्या बाजूचं आहे, ते मी लिहिलं. याहून जास्त त्याच्या बाजूचं मला काही सापडलं नाही.

तो एकटा गेला असता तर कागद वाटेत जाळला असता, म्हणून मी बरोबर गेलो. मी एकटा काही करू शकत नव्हतो, म्हणून त्याला नेणं भाग होतं. वाटेत आम्ही बोललो नाही. भाकरी खायला थांबलो की तो बैलांकडे तोंड करून बसायचा आणि मी रस्त्याकडे.

बीडला मुहाफिजाने त्याला आत घेतलं, बसायला घोंगडी दिली. मला बघून म्हणाला, "ह्यो पुन्हा आला का?" जमीलने अर्ज लिहिला, गहिनीनाथने अंगठा लावला, कोर्टाचं तिकीट चिकटवलं. साक्षीची आणि निकालाची, दोन्ही नकला मागितल्या. मग नकला लिहिणाऱ्याला सवड होईपर्यंत आम्ही मुसाफिरांच्या सराईत पडून राहिलो, तो एका कोपऱ्यात आणि मी दुसऱ्या. सकाळी उठून जायचं, "आज न्हाई" ऐकायचं आणि परत यायचं. शेवटी एकदाची मोहर मारलेली पानं हातात घेऊन गहिनीनाथ बाहेर आला. आम्ही जमीलच्या पुढ्यात बसलो.

जमील एक ओळ मनात वाचायचा आणि मराठीत सांगायचा.

"गवाह हिंदू बाई. नाव अंजना. नवऱ्याचं नाव विचारलं. गवाह गप्प. पुन्हा विचारलं. गवाह गप्प. मुन्शीनं अर्ज केला, ह्या बाया नवऱ्याचं नाव तोंडानं घेत न्हाईत. हुकूम झाला, हजर असलेल्या कुनी सांगावं. कुनी सांगितलं न्हाई. म्हनून बापाचं नाव लिवलं."

तो थांबला. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं ती मानायची. भर कोर्टात हाकिमाने दोनदा विचारलं तरी तिने घेतलं नाही. तिने राखलेलं ते आयुष्य आता मी एकटा काढतो आहे.

"हजर कोन व्हतं?" मी जमीलला विचारलं.

"वर लिवलंय. दावा लावनारा हजर."

मी गहिनीनाथकडे वळलो. "तू तिथं व्हतास."

"व्हतो."

"माझं नाव तुला ठाव न्हवतं?"

"माज्या दाव्यात तुजं नाव कावून घालू?" तो तडकून बोलला. "कागदावर एकदा नाव चढलं की उद्या तूच म्हनशील, बायकूच्या वाट्यानं झाडात माजाबी हिस्सा हाय. कोनाला कशाला पाय ठेवू द्यावा?"

बहीण समोर उभी, तोंडातून शब्द फुटत नाही, कोर्ट तिच्याकडे बघतंय, आणि हा माणूस आंब्याच्या फांद्या मोजत होता. माझा हात उठला होता. जमीलने मधे कागद धरला. "आधी ऐका," तो म्हणाला, "मग काय जीव घ्यायचा तो घ्या."

पुढची साक्ष तिने मला गाडीत सांगितली होती तशीच होती. झाड आप्पांनी लावलं, पाणी मी घातलं, बांध कुणाचा ते सरकारला माहीत. धुळाजीच्या वकिलाने तिला विचारलं होतं, भावाच्या बाजूने बोलायला आलीस का? तिचं उत्तर लिहिलेलं होतं: "भाऊ हाय म्हनून आले. पानी घातलं म्हनून बोलले."

मग जमीलने निकाल वाचला. "गवाह अंजना हिचं बोलनं भरवशाचं हाय. झाड आप्पाजीनं लावलं, हे अदालतीला मान्य. पन तेवढ्यानं झाड कुनाच्या जमिनीत हाय ते ठरत न्हाई. मोजनीचा नकाशा आनायला वकिलाला तारीख दिली, पुन्हा दिली. नकाशा आनला न्हाई. दावा खारीज."

"पुन्यांदा वाच," गहिनीनाथ म्हणाला.

जमीलने पुन्हा वाचलं.

"नकाशा? मला कुनी नकाशाचं बोललंच न्हाई." तो उठून उभा राहिला. "त्या वकिलाचं टक्कुरं फोडतो. बहिनीवर घातलं भाडखाऊनं."

"वकिलाकडं मागनं जा," मी म्हणालो. "वकिलानं तुझा दावा बुडवला. साडी वकिलानं अडवली न्हवती. धुळाजीला बोलवा, हा निरोप वकिलानं धाडला न्हवता."

त्याने पानांची घडी घालून कमरेला खोवली. मी हात पुढे केला.

"माज्या नावाची हाय," तो म्हणाला. खरंच त्याच्या नावाची होती. तो बाजारात ती बाहेर काढेल की नाही, हे बाजाराच्या दिवसापर्यंत मला माहीत नव्हतं.

त्याने ती काढली. धर्मापुरीत कय्युम नावाचा कापडवाला आहे, त्याला उर्दू येतं. देवळासमोर उभं राहून त्याने सगळं वाचलं, नवऱ्याच्या नावाचंही. लोक ऐकत होते. वाचून झाल्यावर गहिनीनाथ कुणाकडे न बघता पायरीपाशी गेला, खाली वाकला आणि नाक घासलं. मंजुळाबाई पदर तोंडाला लावून उभी होती. मागून धुळाजीचा आवाज आला.

"म्हंजी झाड माजंच ऱ्हायलं न्हवं?"

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं, त्या दिवशी मला बरं वाटेल. वाटलं नाही. तिचं नाव धुतलं गेलं, ते ठीक झालं. पण ते ऐकायला ती तिथे नव्हती, आणि ज्याने मळवलं तो नाक पुसून घरी जेवायला गेला.

वर्षश्राद्धाला तो आला. मी बोलावलं नव्हतं. मंजुळाबाई बरोबर होती आणि तिच्या हातात घडी न मोडलेली हिरवी साडी होती.

"दाजी," गहिनीनाथ म्हणाला, "तिची साडी ऱ्हायली व्हती."

"ऱ्हायली न्हवती. तू दिली न्हाईस."

"चुकलं."

"कुनाला नेसवू?"

मंजुळाबाई रडायला लागली. मी तिला रडू दिलं. "साडी परत न्या," मी म्हणालो. "नक्कल मला दे. तुला तिचा उपेग न्हाई, दावा तर तू हरलास."

त्याने कमरेची घडी काढून दिली. मी त्या दोघांना पान वाढलं, कारण श्राद्धाच्या दिवशी दारात आलेल्याला उपाशी घालवत नाहीत. पण पंक्तीला मी त्याच्या शेजारी बसलो नाही. हात धुताना मी त्याला सांगितलं, "आनखी एक काम हाय. नकलेत तिचा अंगठा न्हाई. जमील म्हनला, नकलेत निस्तं लिवत्यात की हितं अंगठा हाय. खरा अंगठा बीडला गठ्ठ्यात हाय. मला त्यो बघायचाय. अर्ज तुलाच करावा लागंल."

"करतो," तो म्हणाला. "कवा जायाचं, तुमी सांगा."

आम्ही गेलो. मुहाफिज तोच होता.

"मिसल बघायची ती दावा लावनाऱ्यानं," तो म्हणाला. "ह्यो भाईर."

"माजा मानूस हाय," गहिनीनाथ म्हणाला.

"वकील हाय का?"

"न्हाई."

"मग भाईर."

गहिनीनाथ त्याच्याशी बराच भांडला. हात जोडले, शिव्याही दिल्या. मुहाफिजाने गठ्ठा पुन्हा बांधायला घेतला, तेव्हा मीच म्हणालो, "तू बघून ये." तो आत गेला. गजांतून मला त्याची पाठ दिसत होती. तो मेजावर वाकला आणि वाकलेलाच राहिला. मुहाफिजाने दोनदा हटकलं तेव्हा कुठे सरळ झाला.

बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"हाय," तो म्हणाला. "डावा अंगठा हाय. बारीक हाय. मधनं एक पांढरी रेघ गेलीया, आडवी. कशाची काय की."

ती रेघ कशाची ते मला माहीत आहे. लग्नानंतरच्या पहिल्या सुगीत, आमच्या शेतात ज्वारी कापताना तिच्या अंगठ्यात विळा घुसला होता. हळद मी भरली होती आणि माझ्या फेट्याची चिंधी फाडून बांधली होती. ती खूण आता बीडच्या दप्तरखान्यात आहे. ती त्याला बघायला मिळाली, मला मिळाली नाही.

"तुमाला ठाव हाय का, दाजी?" त्याने विचारलं. "कशाची व्हती ती?"

मी त्याला सांगितलं नाही. "बैल जुंप," म्हणालो आणि गाडीत चढलो.